भारतीय फुटबॉलचे जनक नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी : जीवन परिचय



२९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन असतो. दरवर्षी आपण परिपाठात मेजर ध्यानचंद यांची माहिती सांगतो, फलक लेखन करतो, मुलांच्या दोन-चार शर्यती घेतो. त्याच आठवड्यात, २७ ऑगस्टला, आणखी एका माणसाची जयंती येते, पण ती आपल्या शालेय दिनविशेषांत सहसा दिसत नाही. मलाही काही वर्षांपूर्वीपर्यंत हे नाव माहीत नव्हतं. डी.एड.ला असताना शारीरिक शिक्षणाच्या वहीत मी फुटबॉलच्या मैदानाची सुबक आकृती काढली होती, मापं पाठ केली होती. पण हा खेळ आपल्या देशातल्या पोरांच्या पायाशी आणला कुणी, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी विचारलं नाही.

ते नाव आहे नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी. २०२१ मध्ये त्यांच्यावर गोलंदाज नावाचा बंगाली चित्रपट आला. मला नाव वाचून वाटलं क्रिकेटवरचा असेल, तर निघाला फुटबॉलवरचा. तिथून मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचायला लागले आणि वाचता वाचता माझ्याच शाळेतली एक जुनी गोष्ट मला टोचायला लागली. ती पुढे सांगते. आधी त्यांची.

घाटाकडे निघालेली गाडी

नगेंद्रप्रसाद यांचा जन्म २७ ऑगस्ट १८६९ रोजी झाला. वडील सूर्यकुमार सर्वाधिकारी हे कलकत्त्यातले नावाजलेले डॉक्टर. घरात शिक्षणाला मोठा मान. त्यांचे एक भाऊ देवप्रसाद पुढे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले, दुसरे भाऊ सुरेशप्रसाद मोठे शल्यविशारद झाले. अशा घरात एक मुलगा चेंडूच्या मागे लागला, तेव्हा घरच्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील की नाही, याचा अंदाज पालकांना मी सांगायला नको!

त्यांच्या बालपणाची एक गोष्ट बंगालमध्ये सगळीकडे सांगतात. साल १८७७. आठ वर्षांचा नगेंद्र आईबरोबर गाडीतून गंगास्नानाला निघाला होता. वाटेत कलकत्त्याचं ते प्रचंड मोकळं मैदान लागतं. तिथे गोरे सैनिक एका चेंडूमागे धावत होते. नगेंद्र गाडी थांबवून खाली उतरला आणि बघत उभा राहिला. चेंडू गडगडत त्याच्याजवळ आला. त्याने तो उचलला, निरखला. एका सैनिकाने त्याला लाथ मारून परत पाठवायला सांगितलं आणि त्याने तो मारला. एवढीच गोष्ट. भारतीय माणसाने फुटबॉलला मारलेली पहिली लाथ म्हणून हीच सांगितली जाते. पहिली होती की नव्हती, हे कोण ठरवणार? पण पुढे जे झालं ते मात्र नक्की महत्त्वाचं आहे, कारण दुसऱ्या दिवसापासून हा मुलगा शाळेत स्वस्थ बसला नाही.

तो हेअर स्कूलमध्ये शिकत होता. त्याने वर्गातल्या मुलांकडून वर्गणी गोळा केली आणि ती पोरं चौरंगीवरच्या मँटन कंपनीच्या दुकानात चेंडू आणायला गेली. मोठ्या ऐटीत चेंडू शाळेत आला, खेळ सुरू झाला. गंमत अशी की तो चेंडू लांबुळका होता! तो रग्बीचा होता. मुलांना फरक माहीत नव्हता आणि त्यांना सांगणारंही कुणी नव्हतं.

इथे जरा थांबू या, कारण ही चूक मुलांना फार आवडते. त्या काळात फुटबॉल या एका शब्दात दोन्ही खेळ यायचे. फक्त पायाने खेळायच्या फुटबॉलचे नियम इंग्लंडमध्ये १८६३ ला लिहिले गेले होते, म्हणजे तोही खेळ अजून कोवळाच होता. कलकत्त्यातल्या इंग्रजांनी १८७३ च्या सुमारास कलकत्ता फुटबॉल क्लब काढला, पण तो क्लब रग्बी खेळायचा. पुढे सभासद रोडावले, १८७८ मध्ये क्लब बंद पडला. खात्यात उरलेले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांनी एक सुंदर कप घडवला आणि इंग्लंडला पाठवून दिला. तो कलकत्ता कप. इंग्लंड आणि स्कॉटलंडचे रग्बी संघ १८७९ पासून त्याच्यासाठी खेळतात, आजही. कपाच्या मुठी नागाच्या आकाराच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. तर अशा शहरात दुकानदाराने फुटबॉल मागणाऱ्या पोरांना रग्बीचा चेंडू दिला, यात नवल ते काय?

शेजारच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक स्टॅक यांनी मुलांचा हा गोंधळ पाहिला. ते हसून निघून गेले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण त्यांनी मुलांना खरा फुटबॉल मिळवून दिला आणि खेळ कसा असतो ते मैदानात उतरून समजावलं. शिक्षक मित्रांनो, नगेंद्रप्रसादांच्या चरित्रात या स्टॅक सरांना दोन ओळीच मिळतात. पण त्या दोन ओळी नसत्या तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग क्लब निघू लागले. आधी शाळकरी मुलांचा बॉईज क्लब, मग फ्रेंड्स क्लब, मग कॉलेजात गेल्यावर प्रेसिडेन्सी कॉलेजचा क्लब. नगेंद्र जिथे जाईल तिथे क्लब. आपल्याकडे गल्लीत गणेश मंडळ निघतं ना, तसं. आपण खेळायचं आणि घरी जायचं एवढ्यावर तो थांबला नाही. पोरं जमवायची, वर्गणी काढायची, मैदान मिळवायचं, सामने ठरवायचे, भांडणं मिटवायची, हे सगळं तो विशी गाठायच्या आत शिकला. मला वाटतं त्याची खरी हुशारी इथेच होती. पायात कसब असणारी मुलं प्रत्येक गावात असतात. वही घालून हिशेब ठेवणारी, दुसऱ्याला खेळायला जागा करून देणारी मुलं थोडी असतात.

मणी दासचं नाव

१८८४ च्या सुमारास नगेंद्रप्रसादांनी वेलिंग्टन क्लब उभा केला. हा आधीच्या सगळ्या क्लबांपेक्षा मोठा. फुटबॉलबरोबर क्रिकेट, हॉकी, टेनिस असे इतर खेळही तिथे होते. सभासद मुख्यतः कलकत्त्यातल्या चांगल्या, सुखवस्तू, वरच्या जातींच्या घरांतले. विशीसुद्धा न गाठलेल्या तरुणासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती, बघा. मैदान आहे, माणसं आहेत, पैसा आहे, नाव आहे.

आणि मग मणी दासचा प्रश्न आला.

मणी दास हा कुंभाराचा मुलगा. खेळायला उत्तम. नगेंद्रप्रसादांना तो क्लबात हवा होता. इतर सभासदांनी विरोध केला. कुंभाराचं पोर आपल्याबरोबर कसं काय खेळणार, आपल्याबरोबर कसं बसणार, असा त्यांचा आक्षेप. खेळाबद्दल कुणाची तक्रार नव्हती हे लक्षात घ्या. तक्रार त्याच्या घराबद्दल होती.

अशा वेळी माणूस काय करतो? समजुतीने घेतो. पुढच्या वर्षी बघू म्हणतो. एका मुलासाठी एवढा मोठा क्लब कशाला मोडायचा, संस्था टिकली पाहिजे, असं स्वतःला समजावतो. हे समजावणं किती सोपं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. नगेंद्रप्रसादांनी क्लब मोडला. स्वतः उभारलेला वेलिंग्टन क्लब त्यांनी बरखास्त करून टाकला आणि १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शोभाबाजार क्लब नावाचा नवा क्लब काढला. या क्लबात पहिलं नाव मणी दासचं घातलं गेलं, असं सांगतात. जात बघून सभासद करायचा नाही, ही या क्लबाची रीत ठरली. शोभाबाजार हा उत्तर कलकत्त्यातला भाग. तिथलं देव घराणं मोठं, राजेरजवाड्यांतलं, आणि नगेंद्रप्रसाद त्या घराण्याचे जावई. त्या घराचा आणि कूचबिहारच्या महाराजांचा आधार या नव्या क्लबाला मिळाला. म्हणजे पैसा आणि प्रतिष्ठा त्यांनी याही वेळी मिळवली. पण या वेळी आधी दार उघडं ठेवलं आणि मग आत कोण येतंय ते पाहिलं.

आता माझी गोष्ट. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात झाला, नवी मुंबईतही सामने झाले. त्याआधी, १५ सप्टेंबरला, आपल्या राज्यात शाळाशाळांतून मुलांनी फुटबॉल खेळायचा मोठा कार्यक्रम झाला होता, तो तुम्हाला आठवत असेल. आमच्याही शाळेत त्या निमित्ताने फुटबॉल आले. एक दिवस मुलं खेळली, फोटो काढले, आणि मी चेंडू कपाटात ठेवून दिले. चेंडू हरवला तर, पंक्चर झाला तर, कुणाला लागलं तर, अशी माझी कारणं होती.

दोन वर्षांनी दिवाळीनंतर शेजारच्या वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातला एक मुलगा माझ्या वर्गात बसू लागला. त्याने कपाटाच्या काचेतून चेंडू पाहिला आणि रोज विचारायला लागला. शेवटी मी काढून दिला. काय सांगू तुम्हाला! अनवाणी पायाने तो चेंडू असा नेायचा की वरच्या वर्गातली मुलं बघत उभी राहायची. त्याच्यामुळे आमचा संघ तयार झाला. मग शेजारच्या शाळेबरोबर सामना ठरला, आणि दोन पालक मला भेटायला आले. भट्टीवरची माणसं आज आहेत उद्या नाहीत, आमची मुलं इथली आहेत, त्यांना संधी द्या, असं त्यांचं म्हणणं. बोलणं अगदी सभ्य होतं. मुलाचं नाव अजून नीट पटावर आलेलं नव्हतं, हे कारण माझ्या हाताशी होतंच. शिक्षण हमी कार्डाचं काम माझ्याकडूनच राहिलं होतं, ते मी कुणाला बोलले नाही. यादी माझ्या हाताने लिहिली आणि त्यात त्याचं नाव नव्हतं. त्याने विचारलंसुद्धा नाही. सामन्याच्या दिवशी तो रेषेबाहेर उभा राहून आमच्याच पोरांना ओरडून चेंडू कुठे मारायचा ते सांगत होता. सामना आम्ही जिंकलो. पावसाळ्याआधी भट्टी बंद झाली आणि ते कुटुंब निघून गेलं.

म्हणून सांगते, मणी दासची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं होतं.

गोऱ्या पलटणीशी सामना

शोभाबाजार क्लब वाढला. १८८९ मध्ये कलकत्त्यातल्या व्यापाऱ्यांनी ट्रेड्स कप ही स्पर्धा सुरू केली. त्याच्या आदल्या वर्षी सिमल्याला ड्युरँड कप सुरू झाला होता, आणि १८९१ ला आपल्या मुंबईत रोव्हर्स कप. या सगळ्या स्पर्धा मुख्यतः लष्करी पलटणी आणि इंग्रजांचे क्लब यांच्यासाठी होत्या. ट्रेड्स कपात पहिल्याच वर्षी एक भारतीय संघ उतरला, तो शोभाबाजार. हरला, पण उतरला.

१८९२ मध्ये याच स्पर्धेत शोभाबाजारने ईस्ट सरे रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. भारतीय संघाने ब्रिटिश पलटणीच्या संघाला हरवल्याची ही पहिली मोठी नोंद मानली जाते. मुलांना हे सांगताना पलटणीचं चित्र नीट उभं करा. समोर पायात जाड बूट घातलेले, रोज कवायत करणारे, मटण-अंड्यांवर पोसलेले सैनिक. इकडे धोतर-सदरा सोडून मैदानात उतरलेली, बहुतेक अनवाणी खेळणारी कलकत्त्याची पोरं. त्या काळातले अनेक इंग्रज बंगाली माणसाला दुबळा, पुस्तकी, कारकुनी समजत, तसं उघड लिहीतही असत. त्यामुळे त्या दोन गोलांचा अर्थ दोन गोलांपेक्षा बराच मोठा होता.

कारभार कुणाच्या हातात?

आता थोडा रुक्ष वाटेल असा भाग येतोय, पण तोच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्पर्धा वाढल्या की नियम कोण ठरवणार, पंच कोण नेमणार, कोणता संघ खेळू शकतो हे कोण सांगणार, असे प्रश्न येतात. त्यासाठी १८९३ मध्ये कलकत्त्यात इंडियन फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिच्या स्थापनेत इंग्रज मंडळींबरोबर नगेंद्रप्रसादांचंही नाव घेतलं जातं. त्याच वर्षी संघटनेने आय.एफ.ए. शील्ड ही स्पर्धा सुरू केली. या ढालीसाठी पैसे दिले ते पतियाळा आणि कूचबिहारच्या महाराजांनी आणि अपकार व सदरलँड या दोघांनी. पहिल्या वर्षी ढाल रॉयल आयरिश रायफल्स पलटणीने नेली. भाग घेणारा भारतीय संघ एकच, शोभाबाजार.

संघटनेच्या नावात इंडियन होतं, पण कारभाराच्या नाड्या पुढची कित्येक वर्षं इंग्रजांच्याच हातात होत्या. १८९८ मध्ये कलकत्ता लीग सुरू झाली, तेव्हा तिच्यात भारतीय क्लबांना जागाच नव्हती. स्पर्धेत एखाद-दुसरा सामना खेळू द्यायचा, पण वर्षभर चालणाऱ्या लीगमध्ये बरोबरीने बसवायचं नाही. वेलिंग्टन क्लबातल्या मंडळींनी मणी दासला जे सांगितलं, तेच आता गोऱ्यांचे क्लब त्या मंडळींना सांगत होते. मला हे वाचताना हसावं की रडावं कळेना.

नगेंद्रप्रसाद स्वतः शतक उलटल्यावर लवकरच खेळापासून बाजूला झाले. त्यांनी लावलेलं झाड मात्र आता दुसऱ्यांच्या अंगणात वाढत होतं. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या मोहन बागान क्लबाने २९ जुलै १९११ रोजी आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवलं. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी, बूट फक्त सुधीर चॅटर्जी यांच्या पायात. आधी गोऱ्यांनी गोल केला, मग कर्णधार शिवदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि अगदी शेवटी अभिलाष घोष यांनी विजयाचा गोल मारला. सामना बघायला हजारोंच्या संख्येने माणसं आली होती. आजही २९ जुलै हा मोहन बागान दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी नगेंद्रप्रसाद ४१ वर्षांचे होते. हा सामना सगळ्या देशाला माहीत आहे, १८९२ चा फार थोड्यांना.

एवढा मोठा विजय झाला म्हणजे लीगचं दार लगेच उघडलं असेल, असं वाटतं ना? नाही. त्यालाही तीन वर्षं लागली. १९१४ मध्ये मोहन बागानला दुसऱ्या श्रेणीत घेतलं, १९१५ मध्ये तो पहिल्या श्रेणीत गेला. आणि त्यातही एक मेख होती. पहिल्या श्रेणीत एका वेळी दोनच भारतीय क्लब असू शकतील, असा नियम होता. कितीही चांगले खेळा, जागा दोनच.

याच काळातली अजून एक गोष्ट सांगते. १९२० मध्ये जोडाबागान क्लबाचा मोहन बागानशी सामना होता. जोडाबागानने शैलेश बोस या खेळाडूला संघातून वगळलं. ते मूळचे पूर्व बंगालचे, आणि वगळण्यामागे तेच कारण आहे अशी भावना झाली. क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी बोस यांना खेळवायचा आग्रह धरला, तो कुणी ऐकला नाही. ते बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी ईस्ट बंगाल क्लब निघाला. चाळीस वर्षंही झाली नव्हती मणी दासच्या गोष्टीला! आता जातीऐवजी प्रांत होता, इतकंच.

मग १९२४ मध्ये ईस्ट बंगालने दुसऱ्या श्रेणीत अव्वल कामगिरी केली. वर जायची पाळी आली तर तो दोन क्लबांचा नियम आडवा आला. मोठा वाद झाला, बैठक झाली, शेवटी नियम रद्द झाला आणि १९२५ मध्ये ईस्ट बंगाल पहिल्या श्रेणीत आला. ईस्ट बंगालच्या इतिहासात असं नोंदलेलं आहे की त्या बैठकीत इंग्रजांच्या क्लबांनी बदलाला संमती दिली आणि विरोध केला तो आधीपासून आत बसलेल्या दोन भारतीय क्लबांनी. आपली जागा मिळाली की माणूस दार लावून घेतो. इथे कुणा क्लबाला नावं ठेवायचा माझा हेतू नाही, मोहन बागानचं मोठेपण मी वर सांगितलंच आहे. पण मुलांना इतिहास सांगताना सगळे आपले चांगले आणि सगळे परके वाईट, असं सांगू नये, या मताची मी आहे.

पुढे गोष्टी बदलत गेल्या. १९३४ मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग हा लीग जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं त्याने ती जिंकली. इंडियन फुटबॉल असोसिएशनला भारतीय अध्यक्षही मिळाले, संतोषचे महाराज मन्मथनाथ रायचौधुरी. तोवर इतर प्रांतांनी एक नवाच प्रश्न काढला होता. तुमच्या नावात इंडियन असलं तरी तुम्ही कारभार बघता बंगालचा, मग साऱ्या देशाच्या वतीने तुम्हीच का बोलायचं? दोन वर्षं ओढाताण झाली आणि १९३७ मध्ये सिमल्याला अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला. आय.एफ.ए. बंगालची संघटना म्हणून राहिली, जुन्या नावासकट.

आपल्या मुंबईतल्या रोव्हर्स कपाचंही असंच. १८९१ पासून तो पलटणींचाच कप होता. १९२३ मध्ये मोहन बागान मुंबईला आला आणि अंतिम सामन्यापर्यंत पोचून डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. तो जिंकणारा पहिला भारतीय संघ बंगलोर मुस्लिम्स, १९३७ मध्ये. आणि कोल्हापूरकर वाचत असतील तर त्यांना वेगळं सांगायला नको. पेठेपेठेतल्या तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवर होणारी गर्दी, हे पाहिलं की बंगालच्या बाहेरही फुटबॉल घराघरांत जाऊ शकतो हे दिसतं. तिथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल संघ पोसले, ही गोष्ट नगेंद्रप्रसादांना फार आवडली असती असं मला वाटतं.

नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांचं निधन १७ जानेवारी १९४० रोजी झालं. पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, प्रांताप्रांतांच्या संघांची संतोष करंडक स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्यांदा ती बंगालने जिंकली.

हा पाठ चौथी-पाचवीला सांगणार असाल तर शक्य झाल्यास रग्बीच्या चेंडूचं चित्र जवळ ठेवा, आणि भारताचा नकाशा. कोलकाता, सिमला आणि मुंबई मुलांकडूनच शोधून घ्या. मणी दासचा प्रसंग सांगताना शेवट लगेच सांगू नका. नगेंद्रप्रसादांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, असं विचारून पाच मिनिटं गप्प बसा. माझ्या वर्गात निम्म्या मुलांनी सांगितलं की मणीला दुसऱ्या क्लबात पाठवावं. एकाने सुचवलं की त्याला राखीव खेळाडू ठेवावं. मी काही बोलले नाही.

मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं की त्या क्लबाचं नाव बॉईज क्लब का होतं, मुली कुठे खेळायच्या? माझ्याकडे उत्तर नव्हतं. कपाटाची किल्ली होती. आता गुरुवारी शेवटच्या तासाला चेंडू बाहेर असतो. संघ पाडताना मी नावं मुलांनाच चिठ्ठीवर लिहायला सांगते, आणि भट्टी सुरू झाली की पटाचं काम त्याच आठवड्यात करून टाकते.